चिकूचा चीक आणि करवीरची मुखशुद्धी

करवीरनगरीच्या बाजारपेठेत मुखशुद्धीच्या वस्तूंची श्रीमंती मोठी आहे. महाद्वार रोडवरून अंबाबाईच्या देवळाकडे जाताना वा लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारातून फिरताना बडीशेप, धनाडाळ, ओवा, लवंग, वेलदोडा, ज्येष्ठमध, आवळासुपारी अशा वस्तूंनी भरलेल्या बरण्या ओळीने दिसतात. मात्र त्याच दुकानांत गल्ल्याजवळ आणखी एक बरणी असते. तीत रंगीत वेष्टनातील च्युइंगम असते. शाळेतून परतणारी मुले ते घेतात, लांबच्या प्रवासाला निघालेला वाहनचालक घेतो, आणि सुटे पैसे नसले की दुकानदारही तेच हातावर ठेवतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तंबाखूची सवय मोडू पाहणारे अनेक जण तोंडात काहीतरी असावे म्हणून गमकडे वळतात. जैन व्यापारी कुटुंबांत ते विकलेही जाते आणि मुलांकडून चघळलेही जाते. म्हणून ते कशाचे बनते, हे पाहणे अगत्याचे आहे.

वेष्टनावरील घटकांच्या यादीत बहुधा ‘गम बेस’ एवढाच शब्द असतो. आजच्या बहुतेक च्युइंगमचा हा पाया कृत्रिम असतो. पॉलिआयसोब्युटिलीन, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट अशी खनिज तेलाच्या उद्योगातून येणारी द्रव्ये त्यात असतात. पहिल्याचा संबंध टायरच्या ट्यूबसाठी वापरल्या जाणाऱ्या रबराशी आहे, तर दुसरे सुताराच्या पांढऱ्या गोंदातही असते. खाद्यपदार्थांसाठी ती शुद्ध स्वरूपात वापरली जातात हे खरे. परंतु अशा गमचा थुंकलेला गोळा मातीत सहजी कुजत नाही. फरसबंदीच्या दगडाला चिकटला की तो खरवडूनच काढावा लागतो.

आरंभी मात्र असे नव्हते. कपिलतीर्थ मंडईत ज्या चिकूचे ढीग लागतात, त्या चिकूच्या झाडाचा चीक हाच आधुनिक च्युइंगमचा मूळ पाया होय. कच्चा चिकू खाल्ला की ओठांना चीक लागतो, हा अनुभव प्रत्येक घराला असतो. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या अरण्यांत हे झाड मूळचे. तेथील माया आणि ॲझ्टेक लोक त्याचा घट्ट केलेला चीक चघळत. त्याला ‘चिकले’ म्हणतात, आणि आपले ‘चिकू’ हे नावही त्याच मुलखातून समुद्रमार्गे आलेले आहे. पावसाळ्याच्या दिवसांत झाडाच्या सालीवर नागमोडी चिरा पाडून चीक खाली उतरू देतात, तो उकळून त्याच्या वड्या करतात, आणि पुढे काही वर्षे त्या झाडाला विश्रांती देतात. न्यूयॉर्कच्या थॉमस ॲडम्स यांनी या चिकापासून रबर करण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर त्यांनी चघळण्याच्या वड्या काढल्या आणि १८७१ साली त्या बनविणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागणी इतकी वाढली की अरण्याचा चीक पुरेना, आणि त्याची जागा कृत्रिम द्रव्यांनी घेतली. आपल्याकडे डहाणू-घोलवडच्या बागांपासून सर्वत्र चिकू लावला जातो तो फळासाठी.

येथे एक शंका साहजिक उद्भवते. घरोघरी हिवाळ्यात डिंकाचे लाडू होतात, मग डिंकाचे गम का होऊ नये? उत्तर द्रव्याच्या स्वभावात आहे. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून तोंडात तो विरून जातो. चीक आणि राळ पाण्यात विरघळत नाहीत, केवळ तोंडाच्या उबेने मऊ होतात. म्हणून चघळण्याला चीक किंवा राळच लागते.

अशी एक राळ जुन्या काष्ठौषधींच्या दुकानांत आजही ‘रूमी मस्तकी’ या नावाने मागता येते. ती ग्रीस देशातील खिऑस बेटाच्या दक्षिण भागात, पिस्त्याच्या जातकुळीतील एका झाडापासून मिळते. तिच्या लागवडीची परंपरा युनेस्कोने २०१४ साली अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंदविली. मस्तकीचा खडा दाताखाली प्रथम फुटतो, भुकटी होते, चव किंचित कडवट आणि देवदाराच्या लाकडासारखी लागते. घाईने थुंकला नाही तर थोड्याच वेळात तो एकजीव होऊन पांढरा, लवचीक गोळा बनतो. साखर नाही, रंग नाही. चिकूच्या चिकाचे नवे गमही आता परदेशांतून मागविता येते. ते सुरुवातीस कठीण असते, स्वाद लवकर उतरतो, आणि नेहमीच्या गमसारखा मोठा फुगा त्याचा होत नाही. मुलांना पहिल्या दिवशी ते फिके वाटणे स्वाभाविक आहे. किंमतही नेहमीच्या गमपेक्षा बरीच अधिक असते.

तथापि ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द वेष्टनावर असला म्हणजे सर्व प्रश्न मिटले असे नाही. पाया झाडाचा असला तरी वरची चकाकी, मऊपणा आणि रंग कशाचा, हे पाहावे लागते. आपल्या देशात हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका शाकाहाराची खूण म्हणून मानला जातो. जिलेटिन, किंवा किड्यांपासून काढलेला १२० क्रमांकाचा कार्मिन हा लाल रंग असलेल्या पदार्थाला ही खूण लावता येत नाही. परंतु अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या लेबलविषयक नियमांत मांसाहाराच्या व्याख्येतून दूध आणि दुग्धजन्य पदार्थांबरोबर मध, मधमाश्यांचे मेण आणि शेलॅक हेही वगळलेले आहेत. म्हणजे हिरवा ठिपका असूनही एखाद्या गोळीच्या चकाकीत ९०१ क्रमांकाचे मधमाश्यांचे मेण किंवा ९०४ क्रमांकाचे शेलॅक असू शकते. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. श्रावकाच्या दृष्टीने मात्र मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग हा मूलगुणांतच येतो. तेव्हा मध वर्ज्य आणि मेण चालते, असे म्हणणे कठीण. प्राणिजन्य काहीही नाही असे सांगणारी ‘वीगन’ची स्वतंत्र खूणही आता आहे. गम घेताना ती अधिक उपयोगी पडते.

शेलॅक म्हणजे लाख. कोल्हापूरला ती अपरिचित नाही. गुजरीतील सराफी परंपरेत सोन्याच्या पोकळ मण्यांत लाख भरण्याची रीत जुनी आहे. झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म किड्यांचे ते स्रवण, आणि फांद्या खरवडून ते गोळा करताना असंख्य किडे मरतात. म्हणूनच श्रावकाचाराच्या ग्रंथांत वर्ज्य व्यवसायांच्या यादीत ‘लाक्षावाणिज्य’ वेगळे नाव घेऊन सांगितले आहे. खाणाऱ्याच्या आधी विकणाऱ्याला विचारलेला हा प्रश्न आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीत आणि शहराच्या अन्य पेठांत ज्या कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या मालाची पारख करून नाव कमावले, त्यांना गूळ हातात घेताच त्याची प्रत कळते. गमच्या बरणीवरील बारीक अक्षरांतील ९०१ आणि ९०४ हे आकडे वाचणे ही त्याच पारखीची पुढची पायरी आहे. घाऊक माल मागविताना पुरवठादाराकडे घटकांचा लेखी खुलासा मागता येतो, आणि दुकानदाराने विचारलेला प्रश्न ग्राहकाच्या प्रश्नापेक्षा उत्पादकापर्यंत लवकर पोहोचतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली वेळेची. खाद्य, स्वाद्य, लेह्य आणि पेय या चार प्रकारच्या आहारांत लवंग, वेलदोडा, तांबूल यांची गणना स्वाद्यात होते. गमही त्याच वर्गात बसते. ते गिळले जात नाही, पण त्याचा रस पोटात जातो. सूर्यास्तानंतर चारही आहारांचा त्याग करणाऱ्याला ते झाडाचे असले तरी चालणारे नाही. दुसरी गोष्ट जीवदयेची. साखरविरहित गममध्ये, नैसर्गिक म्हणविणाऱ्या गममध्येही, पुष्कळदा झायलिटॉल असते. माणसाच्या दातांना ते निरुपद्रवी असले तरी कुत्र्याला थोडेही घातक ठरू शकते. गल्लीत टाकलेले गम कोणत्या मुक्या प्राण्याच्या तोंडी जाईल हे सांगता येत नाही. म्हणून चघळून झालेला गोळा कागदात गुंडाळून कचरापेटीतच टाकावा.

शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन मठात भगवान आदिनाथांच्या २८ फुटी मूर्तीचे दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबातील मूल वाटेत गमसाठी हट्ट धरते, तेव्हा त्याला केवळ ‘नको’ म्हणून भागत नाही. वेष्टन उलटून ते आकडे त्याच्याकडूनच वाचून घ्यावेत. हवे तर चिकूचे झाड दाखवून त्याच्या चिकाची कथा सांगावी. सणासुदीला हौसेने चिकूचे गम किंवा मस्तकीचा खडा द्यावा. रोजच्या मुखशुद्धीसाठी लक्ष्मीपुरीतील बडीशेप, धनाडाळ आणि वेलदोडा पुरेसे आहेत. त्यांवर क्रमांक नसतात, ते जमिनीवर पडले तरी मातीत मिसळून जातात, आणि त्यांची पारख या पेठेला आधीपासूनच आहे.