रिठाची जागा

विदर्भातल्या एखाद्या गावाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाच्या हाती सहसा तीन गोष्टी लागतात : इंग्रजी अमदानीतले गॅझेटियर, मालगुजारीच्या काळातले महसुली दप्तर आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी. चौथी एक गोष्ट आहे, पण ती मराठी विभागापर्यंत क्वचितच पोचते, कारण ती भूगोलाच्या कपाटात असते. सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलदर्शक नकाशा. भूगोलवाले त्याला सरळ टोपोशीट म्हणतात. आम्ही दोघे काटोलला मराठी शिकवतो. आमच्या विषयाशी या कागदाचा काय संबंध, असे भूगोलाच्या सहकाऱ्यांनी विचारले तेव्हा आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. नकाशावर गावांची नावे आहेत आणि नावे ही भाषा आहे, एवढेच तेव्हा सुचले. पुढच्या काही वर्षांत त्या उत्तरात बरीच भर पडली.

काटोलच्या पत्रकाचा क्रमांक ५५ के/११. हा आकडा समजून घेण्यासारखा आहे. साऱ्या देशावर चार-चार अंशांचे चौकोन आखले, त्यांतला ५५ क्रमांकाचा आपला. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग, त्यांना इंग्रजी अक्षरे दिली. आपल्या वाट्याला 'के'. त्या 'के'चे पुन्हा सोळा, प्रत्येक पंधरा-पंधरा मिनिटांचा. या हिशेबात काटोल अकराव्या पत्रकाच्या अगदी खालच्या काठाशी येऊन बसले आहे. त्यामुळे गावाच्या दक्षिणेला दोन-तीन किलोमीटर चालले की माणूस कागदावरून खाली पडतो. कोंढाळी १२ मध्ये, मोवाड पश्चिमेकडे ७ मध्ये. अक्षांशांच्या चौकोनाला तालुक्याशी आणि बाजारहाटाशी काही देणेघेणे नसते. आम्ही या तीन पत्रकांच्या झेरॉक्स चिकटपट्टीने जोडून घेतल्या आणि ते सगळे भिंतीवर लावले, तेव्हा कुठे आपला मुलूख दिसू लागला.

या सर्वेक्षणाचा पाया ज्याने घातला तो विल्यम लॅम्बटन आपल्या शेजारीच मातीत आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना खरे वाटत नाही. १८०२ साली मद्रासजवळ त्याने मोजणीला आरंभ केला, आणि वीस वर्षे साखळ्या व थिओडोलाइट घेऊन उत्तरेकडे सरकत, हैदराबादहून नागपूरच्या वाटेवर असताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा व्हायला तेव्हा तीस वर्षे अवकाश होता. मोजणी राज्याच्या आधी येते, असा या घटनेचा अर्थ कोणी लावला तर आमची हरकत नाही. मात्र तेवढ्यावर थांबणाऱ्या अभ्यासकांविषयी आम्हांला फारसे कौतुक नाही. नकाशा सत्तेचे हत्यार आहे हे वाक्य आता परिसंवादांतून इतक्या वेळा ऐकले आहे, की प्रत्यक्ष नकाशा उघडून पाहण्याची गरज कोणाला उरलेली दिसत नाही.

उघडल्यावर प्रथम भेटतात ती नावे. पारडसिंगा, मेंढेपठार, मेटपांजरा, झिलपा, रिधोरा, सोनखांब. गोंडी दिग्रस या नावात तर एक जुने राज्यच शिल्लक आहे. देवगडच्या गोंड राजांचा अंमल संपून पावणेतीनशे वर्षे झाली, 'गोंडी' हे विशेषण गावाला चिकटून राहिले. ही नावे मोजणीदारांनी कानाने ऐकली आणि रोमन लिपीत उतरवली. रोमनला 'ळ' नाही. मग 'कोहळी'चे 'कोहली' होते, आणि तोच रोमन पाठ समोर ठेवून पुन्हा नागरीत फलक रंगवला जातो तेव्हा गेलेला 'ळ' परत येत नाही. पाठचिकित्सेच्या तासाला लेखनिकांच्या चुका समजावून सांगण्यासाठी आम्ही पूर्वी पोथ्यांची उदाहरणे देत असू. आता भिंतीवरचा नकाशा पुरतो.

पण आम्हांला या कागदाने खरे गुंतवले ते नावे नसलेल्या जागांनी, म्हणजे रिठांनी. रीठ म्हणजे उजाड झालेल्या गावाची जागा. महसुली यादीत आजही कितीतरी मौजांच्या नावापुढे कंसात 'रिठी' असा शब्द असतो : मौजा आहे, शेते आहेत, सातबारा निघतो, शेतसाराही भरला जात आला, माणूस मात्र एकही राहत नाही. यादीवरून ते गाव नेमके कुठे होते हे कळत नाही. जुन्या इंच-मैल नकाशात मात्र वाटा दिसतात. तुटक रेषांनी दाखवलेले गाडरस्ते तीन-चार दिशांनी येऊन शेतांच्या मधोमध एका ठिकाणी मिळतात आणि तिथे काहीच नसते. एखादी विहीर, एखादे देऊळ, बस. वाटा इतक्या सहज उजाड होत नाहीत. गाव उठून गेल्यावरही बैल जुन्याच वळणाने जात राहतात आणि मोजणीदार त्याच वळणाची रेषा काढतो. दशमान पद्धत आल्यावर निघालेल्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नव्या पत्रकांवर यांतल्या पुष्कळ वाटा राहिलेल्या नाहीत. दोन पत्रके शेजारी ठेवून पाहणे हाच आमचा अभ्यास झाला.

अशा एका ठिकाणी आम्ही एम.ए.च्या अकरा विद्यार्थ्यांसह चालत गेलो. जामच्या एका नाल्याच्या वरच्या अंगाला संत्र्याचा बगीचा, त्याच्या धुऱ्यावर शेंदूर फासलेला मारोती, आणि बगिच्यातल्या एका तुकड्याची माती आजूबाजूच्या काळ्या मातीहून वेगळी, राखाडी. ज्याला आपण 'पांढरी' म्हणतो ती. 'काळी' म्हणजे शेत आणि 'पांढरी' म्हणजे गावठाण, हा भेद आमच्या विद्यार्थ्यांनी ग्रामीण साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत अनेकदा लिहिला होता. पायाखाली तो त्यांनी पहिल्यांदा पाहिला. चुलींची राख, शेण, पडक्या भिंतींचा चिखल आणि खापरे यांनी पिढ्यान्पिढ्या ती माती झालेली असते. बगीचेवाल्याने सांगितले की त्याच्या आजाने या पांढरीच्या गाड्या भरभरून वावरात टाकल्या, खत म्हणून. म्हणजे गाव उठले आणि मग हळूहळू पिकातही गेले. ते का उठले, याची तिघांनी तीन कारणे सांगितली : पटकी, पाणी, आणि पेंढाऱ्यांची धाड. मध्यप्रांताने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ पाहिले. त्यांचे नाव मात्र तिथे कोणीच घेतले नाही. लोकांच्या स्मरणात दुष्काळापेक्षा धाड टिकते असे दिसते. तिला निदान आख्यान असते.

परतताना एका विद्यार्थिनीने विचारले, की सर, आपल्या भाषेत असा नकाशा कोणी केलाच नाही का? प्रश्न चांगला होता आणि उत्तर वर्धा नदीच्या पलीकडे, रिद्धपुराकडे बोट दाखवणारे होते. महानुभावांची 'स्थानपोथी' आपण अभ्यासक्रमात नावापुरती उल्लेखतो. चक्रधरस्वामी ज्या ज्या जागी थांबले, बसले, निजले त्या जागा गावाच्या कोणत्या दिशेला आहेत, देऊळ कोणत्या तोंडाचे आहे, हे नोंदवणारा तो ग्रंथ. वि. भि. कोलत्यांनी तो संपादिला. त्यात रेषा नाही, प्रमाण नाही, पण वाचणारा माणूस त्या पायरीपर्यंत जाऊन पोचावा एवढ्याच हेतूने तो लिहिला आहे. शिवाय प्रत्येक जागेला तिथे काय घडले याचे कारण आहे. लीळेवाचून तिथे स्थान नाही. टोपोशीटची रीत नेमकी उलटी. तिथे प्रत्येक टेकडीची उंची आहे, आणि कोणाचेही काहीही घडलेले नाही. दोन्ही ग्रंथ एकाच टेबलावर ठेवावेत असे आम्हांला वाटते.

याचा प्रत्यय विहिरींच्या बाबतीत आला. नकाशात विहीर म्हणजे निळा ठिपका. काटोलच्या दक्षिणेकडच्या एका नांदत्या गावाभोवती, ५५ के/१२ वर, असे तीन ठिपके आहेत : दोन वस्तीला लागून, एक नाल्यापलीकडे. आमच्या एका विद्यार्थ्याची आजी त्या गावची. नकाशा तिच्यासमोर अंगणात पसरला, ठिपके दाखवले. तिने चष्मा पुसला, नाल्याची दिशा विचारून घेतली आणि म्हणाली, "ह्या दोन आमच्या नोत्या बाप्पा. आमची थे नाल्यापल्याडची. उन्हाळ्यात आटे, मंग नाल्यात झिरा खांदाचा." आम्ही विचारले, "आजी, झिरा कुठं खणत होता?" तिने बोट ठेवले; तिथे कागद कोरा होता. झिरा दर उन्हाळ्यात नवा खणावा लागतो, त्यामुळे त्याला सांकेतिक खूण नाही. छापील दंतकथेत, म्हणजे नकाशाच्या कडेला दिलेल्या खुणांच्या यादीत, पक्की विहीर आणि कच्ची विहीर असा भेद आहे. कोणाची विहीर, असा नाही. नाल्यापलीकडची वस्ती इतर घरांसारखीच लाल रंगात दाखवली आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात आजीच्या घरची सगळी मोठी माणसे दीक्षेसाठी नागपूरला गेली, तिला मावशीपाशी ठेवून; परत आल्यावर त्यांनी घरातले देव त्याच नाल्यात सोडले. तेही ठिकाण तिने दाखवले. नातू शेजारी पेन्सिल घेऊन बसला होता. आजवर आजीने हे त्याला कधी सांगितले नव्हते, आणि त्याने विचारलेही नव्हते. विचारायला काहीतरी समोर असावे लागते.

मोवाडच्या पत्रकाजवळ विद्यार्थी फार बोलत नाहीत. १८६७ पासून नगरपालिका असलेले, विणकरांचे हे गाव नकाशात वर्धेच्या निळ्या पट्ट्याला अगदी चिकटून आहे. ३० जुलै १९९१ च्या पुराने ते नेले. दोनशेहून अधिक माणसे गेली. उरलेल्यांचे पुनर्वसन झाले, नवे मोवाड उभे राहिले. तिथून येणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना आम्ही जुने पत्रक दाखवले. त्यांनी आपले घर शोधायचा प्रयत्न केला. इंच-मैल प्रमाणात अख्खे गाव नखाएवढे; बोट ठेवले की सगळेच झाकले जाई. बोट उचलायचे, पुन्हा ठेवायचे, असे त्यांनी तीनदा केले. मग त्यांनी एक कोरा कागद मागितला आणि त्यावर स्वतःच गल्ली काढायला घेतली : इकडून नदी, हे देऊळ, हे मागवाल्यांचे घर, इथे आम्ही. शेजाऱ्यांची नावे लिहिताना दोन घरांपाशी ते थांबले, मग चौकोन काढून पुढे गेले. तो कागद आता पत्रक ७ च्या शेजारी भिंतीवर आहे. प्रमाण नाही, उत्तर दिशा चुकलेली आहे, आणि आम्ही ती सुधारलेली नाही.

हे नकाशे मिळवणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. किनारी आणि सीमेलगतच्या पत्रकांवर निर्बंध असत, आपल्याकडे ती अडचण फारशी नव्हती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी वेगळी मालिका निघाली आणि पुढे ती संगणकावरून उतरवून घेता येऊ लागली. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेली एकास अडीच लाख प्रमाणाची पत्रके टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. त्यांत झिरा तर सोडाच, विहीरही सापडत नाही, पण आरंभाला ती बरी. ज्यांना घर आणि बांध हवा त्यांनी पटवाऱ्याकडचा गावनकाशा पाहावा.

आमच्याकडे विद्यार्थ्यांनी पेन्सिलीने भरलेल्या नऊ वह्या जमल्या आहेत. एका पानावर गावाचे नाव, रिठाची जागा, सांगणाऱ्याचे वय, आणि विहिरींपुढे एक जादा रकाना. कोंढाळीकडचा भाग राहिला आहे. तो मार्चनंतर, नाले कोरडे पडले आणि संत्र्याचा मृग आटोपला, की करायचा.