एफ/22 वरची फुलं

कासच्या पठारावर मी अनेक पावसाळे फुलं टिपली, आणि जवळजवळ सगळी एफ/22 वर. ‘सीतेची आसवं’ हे फूल जेमतेम सेंटिमीटरभर. मॅक्रो लेन्स इतक्या जवळ नेली की मोठ्या ॲपर्चरला, म्हणजे लेन्सच्या मोठ्या छिद्राला, फोकसची खोली मिलिमीटरभरही उरत नाही, म्हणून मी ते एफ/22 पर्यंत लहान करत जायचो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर पाकळीपासून मागच्या टोकापर्यंत सगळं स्वच्छ दिसायचं. तेवढ्यावर माझं समाधान व्हायचं.

एका पुस्तकासाठी मागणी आली तेव्हा हे फोटो पहिल्यांदा मोठे करून छापले. पाकळ्यांवरच्या शिरा कुठेच सुट्या दिसेनात. मी लेन्सला दोष दिला, मग 12 मेगापिक्सेलच्या सेन्सरला. साठवलेले पैसे मोडून 45 मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा घेतला आणि पुढच्या मोसमात तीच फुलं पुन्हा एफ/22 वर काढली. शिरा तशाच पुसट. पुस्तक निघालं, त्यात माझं एकही फूल नाही.

याचं कारण मला शाळा-कॉलेजातच शिकवलेलं होतं. अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, बिंदूची प्रतिमा चकती होते. जॉर्ज एअरी यांनी 1835 मध्ये तिचं गणित मांडलं. हिरव्या प्रकाशात एफ/22 ला ही चकती सुमारे 30 मायक्रॉनची. मॅक्रोत त्यावर आणखी भर: फूल सेन्सरवर मूळ आकारात उमटवलं की एफ/22 प्रत्यक्षात एफ/44 च्या आसपास जातं आणि चकती 59 मायक्रॉनची होते. माझ्या नव्या सेन्सरचा पिक्सेल 4.4 मायक्रॉनचा. म्हणजे एकेक बिंदू तेरा पिक्सेल रुंद! नव्या कॅमेऱ्यानं काही बिघडवलं नव्हतं; एकाच आकारात छापलेले जुने-नवे फोटो सारखेच दिसत होते. लेन्समधून जे सेन्सरपर्यंत पोचलंच नाही, ते तो कुठून देणार? शार्पनिंगनं कडा उठतात, बुजलेली शीर परत येत नाही.

आता मी एफ/5.6 वर काढतो. फोकस किंचित सरकवत बरेच फोटो घेतो आणि नंतर जोडतो. पठारावर वारा असतो, देठ हलला की जोडणी फसते. तेव्हा एफ/8 वर एकच फोटो काढतो आणि फुलाचा मागचा भाग धूसर राहू देतो. ते मला आवडू लागलंय.

जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यायचा विचार असेल, तर आधी आहे त्याच कॅमेऱ्यानं एकच फूल एफ/5.6, एफ/11 आणि एफ/22 वर टिपा. तिन्ही फोटो ए3 आकारात छापून शेजारी ठेवा, आणि पैसे त्यानंतर काढा.