कायद्यात कुलूप नाही

वीटभट्टीवरची वेठबिगारी भट्टीवर सुरू होत नाही, ती वाडीत भर पावसात सुरू होते. रायगडच्या कातकरी वाड्यांवर फिरताना हे मला फार लवकर कळलं. श्रावणात हाताला काम नसतं, डब्यात तांदूळ नसतात, त्यात एखादं पोर तापाने फणफणलेलं. नेमका तेव्हा शेठचा माणूस बयाणा घेऊन येतो. दिवाळी झाली की नवरा-बायको पोराबाळांसकट टेंपोत. भट्टीवर मजुरी अशी मिळत नाहीच, बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते. हिशेब पावसाच्या तोंडावर. वही शेठची, अंगठा यांचा.

अशाच एका कुटुंबाच्या चौकशीला मी तहसील कचेरीत हजर होतो. साहेबांनी त्या बाईला विचारलं, "कोंडून ठेवलं होतं का?"

"नाय."

"बाजाराला जात होता?"

"जायचो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या लेखी प्रकरण संपलं होतं. मी म्हटलं, बाजाराला दोघं मिळून जात होते का, तेवढं विचारा. तर नाही. एकाने जायचं, दुसऱ्याने पोरांसकट भट्टीवर थांबायचं. दुसऱ्या शेठने जास्त मजुरी दिली असती तर गेला असता का? बाई माझ्याकडेच बघायला लागली. "बयाणा फिटल्याबिगर कशी जाणार?"

१९७६च्या वेठबिगारीविरोधी कायद्याला एवढं पुरतं. त्यात कुलपाचा, साखळदंडाचा उल्लेखच नाही. उचलीपायी दुसरीकडे काम करायची मुभा गेली की झालं. कर्ज वेठबिगारीचं नव्हतं, हे सिद्ध करायचं ओझंही मालकावर. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगून ठेवलंय. तरी कचेऱ्यांतून अजून कुलूपच शोधतात.

सुटकेचे फोटो छापून येतात. दाखल्याचे कोण छापणार? पण मुक्तीचा दाखला नसेल तर पुनर्वसन नाही. २०१६च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला एक लाख, बाईला नि मुलाला दोन लाख आहेत, पण पूर्ण रक्कम खटल्याच्या निकालाला बांधलेली. तोवर पुढचा श्रावण येतोच.

म्हणून आमची धावपळ आता ज्येष्ठातच सुरू होते. बंद पडलेली रेशनकार्डं, अडकलेले जातीचे दाखले, रोजगार हमीची थकलेली मजुरी. पोटापुरतं त्यातून निभतं. लग्न निघालं किंवा कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर रात्री-अपरात्री रोख पैसे देणारा मात्र अजून शेठच.