गळका सांधा

आमच्या मोरींतील नळाचा सांधा अरुंद कोनाड्यांत आहे. त्यांतून सेकंदास एक थेंब गळे; म्हणजे दिवसास ८६,४०० थेंब, सुमारें चार लिटर पाणी! त्या ओलीवर आजीचा पाय घसरला, तेव्हां विलंब करणें अशक्य झालें.

वडिलांचा हात आंत जाईना, माझा गेला. मुख्य चावी बंद करून मी सांधा सोडविला. आट्यांवरील तागाचें सूत कुजलें होतें. तें काढून, आटे पुसून, आवळण्याच्या दिशेनेंच टेफ्लॉनची फीत गुंडाळली. उलट गुंडाळल्यास ती उलगडते.

"आधीं बोटांनीं फिरव, पाना मागाहून," वडील म्हणाले. पाना दर खेपेस थोडकाच फिरे. शेवटीं सांध्याखालीं कागद धरला. तो कोरडाच राहिला.

जेथें जोरास जागा नसते, तेथें धीरच कामास येतो.