डबा छोटा, माळा मोठा

मिनी पीसी दिसायला जाम गोड असतो. टिफिनच्या डब्याएवढा, वाटलं तर मॉनिटरच्या पाठीला चिकटवा. टेबलाखाली धूळ खाणारं धूड नको, पाय आपटणं नको. वन बीएचके तिघींत शेअर करणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी तर वरदानच! गोची एकच. खोक्यावर २५६ जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज उघडलं की २३८ दिसतात. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. फसवणूक नाही, पण लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखं वाटतं खरं. मग उरलेल्यात विंडोज स्वतः ऐसपैस बसतं, वर अपडेट्स, ब्राउझर, चार सॉफ्टवेअर्स... आणि एके दिवशी सी ड्राइव्हची पट्टी लाल.

माझं तरी भागत होतं. फ्रीलान्सरच्या वर्ड फाइल्स खाऊन खाऊन किती जागा खाणार? पण गेल्या वर्षी पप्पांनी कराडचा स्टुडिओ बंद करायचं ठरवलं.

पप्पांचा फोटो स्टुडिओ म्हणजे लग्न, बारसं, साखरपुडा, पासपोर्ट साइज. मी शाळेत असताना ते रोलवरून डिजिटलवर आले आणि तेव्हापासून प्रत्येक ऑर्डर डीव्हीडीवर राइट करून, वर मार्करने तारीख टाकून ठेवायचे. अशा १८० डीव्हीडी. 'गिऱ्हाइकाला अल्बम दिला, आता कशाला ठेवायच्या?' असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "अगं, लोकं येतात की."

लोक येतात ते कशासाठी, हे सांगायला हवं. घरात कोणी गेलं की दहाव्या-तेराव्याच्या आत हार घालायला फोटो लागतो. आणि आपल्याकडे आई-वडिलांचा धड असा एक फोटो नसतो. असतो तो आधार कार्डावरचा, ज्यात कोणीच स्वतःसारखं दिसत नाही. मग मुलगा स्टुडिओत येतो, म्हणतो, ताईच्या लग्नात आईचा एखादा असेल का? पप्पा डीव्हीडी शोधतात. हल्ली त्यातल्या काही वाचल्याच जात नाहीत. राइट करायच्या डीव्हीडीत रंगाचा एक थर असतो, त्यातच डेटा असतो आणि तो थर काळाबरोबर खराब होतो. कराडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात तर विचारूच नका. "तुझ्या त्या डब्यात जागा आहे का?" असा त्यांचा फोन आला, तेव्हा माझ्याकडे उरले होते ३१ जीबी.

हिशेब सोपा होता. एका डीव्हीडीत जास्तीत जास्त ४.७ जीबी. सगळ्या तुडुंब भरल्यात असं धरलं तरी ८४६. म्हणजे एक टीबी पुरे.

क्लाउडवर टाक, असं ऑफिसात जाणाऱ्या मैत्रिणी म्हणाल्या. पण घरच्या वायफायवरून एवढं चढवायचं आणि वर जन्मभर दरमहा भाडं? फ्लॅटचं एक पुरे आहे. त्यापेक्षा डब्यातच माळा काढावा म्हटलं.

त्यासाठी आधी आपल्या डब्यात रिकामं काय आहे ते बघायचं. माझ्यात एम डॉट टूचा एकच स्लॉट, च्युइंगगमच्या पट्टीसारखी २२ बाय ८० मिलिमीटरची एसएसडी बसते तो, आणि तो भरलेला. पण झाकणाच्या आत अडीच इंची ड्राइव्हसाठी एक कप्पा रिकामा. तिथे चालते साटा एसएसडी. ती सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर जात नाही, एम डॉट टूवाली एनव्हीएमई काही हजारांत पळते. पण डीव्हीडीतून डेटाच मुळी दहा-अकरा एमबीने ठिबकतो! फोटो साठवायला फेरारी कशाला? तपकीर गल्लीत गेले, तर भाव ऐकून चाट पडले. २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटर्सनी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि झळ थेट आपल्या बुधवार पेठेपर्यंत आली. घेतली तरी.

बसवणं हे काम कुकरची रिंग बदलण्याहून थोडंसंच अवघड आहे. वायर काढायची, अंगातली स्टॅटिक जावी म्हणून धातूला हात लावायचा, खालचे चार स्क्रू सोडवायचे. झाकण मात्र हिसकायचं नाही. त्याला आतून एक चपटी रिबन केबल असते, ती तुटली की संपलंच. ड्राइव्ह सरकवली, झाकण लावलं, चालू केलं... आणि नवी डिस्क कुठेच दिसेना. हे असंच असतं, घाबरू नका. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, इनिशियलाइझ, जीपीटी, मग न्यू सिम्पल व्हॉल्यूम. झाली डी ड्राइव्ह. ९३१ जीबी. (पुन्हा तेच, बायोडेटातली उंची!)

मिनी पीसीला डीव्हीडी ड्राइव्ह नसतेच, म्हणून यूएसबीवरची एक मैत्रिणीच्या भावाकडून आणली. एका डीव्हीडीला सरासरी बारा मिनिटं, म्हणजे एकूण ३६ तास. रोज रात्री जेवताना चार-पाच. रूममेट्सना आता २००८ च्या मे महिन्यातली कराडची अर्धी कार्यालयं पाठ आहेत. १७ डीव्हीडी काही केल्या वाचल्या गेल्या नाहीत. त्या मी फेकलेल्या नाहीत.

बरं, डब्यातली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. मशीन गेलं की तीही गेली. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. म्हणून एक साधी पोर्टेबल हार्ड डिस्क कराडला. तिथे एसएसडी नको, कारण वर्षानुवर्षं वीज न मिळता पडली तर तिच्यातला डेटा हळूहळू गळू शकतो. आणि तिसरी प्रत म्हणजे त्या डीव्हीडीच, जेवढ्या जगतील तेवढ्या. पप्पांना हे पटवावं लागलं नाही. ऑगस्ट २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर त्यांनी जवळून पाहिलाय. तेव्हा कित्येक घरांतले अल्बम चिखलातून काढून दोरीवर वाळत घातले होते.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्यांचा फोन. "२०११ चं फेब्रुवारीतलं लग्न बघ. हिरवी साडी, पंगतीत वाढत असेल." ६१२ फोटो होते. ४०७ व्या फोटोत ती सापडली. हातात जिलेबीचं ताट, मान वळवून कुणाला तरी आग्रह करतेय, खळखळून हसतेय. मी ताटाच्या वरून क्रॉप करून पाठवला.

"ताट राहू दे," पप्पा म्हणाले. "मुलगा म्हणतोय, पूर्णच पाठवा."