वहीचे उजवे पान

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील म्हणून गेले. ही म्हण ज्याने केली, त्याच्याजवळ निदान स्वतःची जागा तरी असली पाहिजे. आम्हा पुण्याच्या बिऱ्हाडकरूंसाठी तिचा पहिला भाग ‘घर पाहावे घेऊन’ असा दुरुस्त करायला हवा. लग्नाचा मुहूर्त आपल्यासाठी थांबून असतो. घराच्या बाजारात तो दुसराच कोणीतरी साधून जातो.

आम्ही कोथरूडला भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालक भाडे वाढवतात आणि एक अट मात्र तशीच ठेवतात : भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे आमचा आकाशकंदील दर दिवाळीला खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला असतो आणि माझ्या वडिलांची तसबीर कपाटाला टेकून उभी असते. गेल्या वर्षी आई म्हणाली, “बारा वर्षं झाली त्यांना जाऊन. अजून उभेच आहेत ते!” त्या रविवारी आम्ही घर शोधायला निघालो.

पहिले घर वारज्याला पाहिले. सौ.ने ओट्यावरचा उजेड पाहिला, आईने देवाचा कोपरा पाहिला, मी पुस्तकांची भिंत पाहिली. “विचार करून उद्या कळवतो,” असे मी मोठ्या रुबाबात सांगितले. संध्याकाळी एजंटाचा फोन आला, “सर, दुपारीच एका पार्टीनं विसार दिला.” परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या मुलांना मी वर्गात किती बोलतो! आणि इथे तर मी पुस्तक न उघडताच परीक्षेला जाऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सौ.ने शंभर पानी वही आणली आणि आमचा अभ्यास सुरू झाला. डाव्या पानावर हिशेब. पन्नास लाखांचे घर धरले, तर बँक त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४० लाख देणार. उरलेले १० लाख आपले. एवढ्यावर भागले असे मला वाटले होते. पण पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख, आणि वर नोंदणीचे ३० हजार. ते बँक देत नाही. घर एकट्या बाईच्या नावावर घेतले तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे सौ.नेच शोधून काढले. घर तिच्या नावावर आणि हप्ता माझ्या पगारातून, अशी व्यवस्था पन्नास हजारांच्या लोभाने मी आनंदाने मान्य केली. माझ्या कादंबऱ्यांचे मानधन त्या हिशेबात एका ओळीत मावले.

मग बँकेने माझी परीक्षा घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण देत आलो, आता मला ३०० ते ९०० यांच्या दरम्यान गुण मिळाले. एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो आणि त्याचे हप्ते थकले होते. ते डाग माझ्याही प्रगतिपुस्तकावर उमटले होते. त्याच्याकडे चार खेपा घालाव्या लागल्या. पैसे भरले गेले, गुण हळूहळू सुधारले, आणि अखेर कर्जाच्या पूर्वमंजुरीचे पत्र हातात पडले.

कागदपत्रांचीही ओळख झाली. सूची क्रमांक दोन, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा ना-हरकत दाखला, तीस वर्षांच्या मालकीचा वकिलाने घेतलेला शोध. ‘चटई क्षेत्र’ हा शब्द तर मला फारच आवडला. पूर्वी बिल्डर जिन्याची आणि भिंतींचीही जागा आपल्याला विकत. २०१७ मध्ये महारेरा आल्यापासून नव्या घरांचा भाव, जिथे चटई अंथरता येईल तेवढ्याच जागेवर सांगावा लागतो.

हे सारे डाव्या पानावर. उजवे पान कोरेच होते. एका रात्री सौ.ने त्यावर लिहिले : ‘काय द्यायचे नाही.’ खाली तीन ओळी. मुलीच्या शिक्षणाची ठेव. निम्म्याहून जास्त पगार. आईंच्या पाटल्या.

दुसरे घर कर्वेनगरला मिळाले. कागद चोख, किंमत पन्नास लाख. आम्ही होकार दिला आणि रात्री एजंट म्हणाला, “दुसरी पार्टी दोन लाख जास्त देतेय. सकाळपर्यंत सांगा, सर.” आम्ही गप्प बसलो. आई उठली, आत गेली, हाताला साबण लावून पाटल्या काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. तिच्या मनगटांवर पांढरे वळ उमटले होते. खोटे कशाला सांगू, माझा हात पुढे झाला होता. सौ.ने वही उघडून उजवे पान समोर धरले.

“आई, हे घर गेलं तर दुसरं बघू,” ती म्हणाली.

ते घर गेले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आपल्या वस्तूची किंमत घरात कोणालाच नाही, असे तिला वाटले असावे. तिसऱ्या दिवशी पाटल्या पुन्हा तिच्या हातात दिसल्या. मी विचारले नाही, तिने सांगितले नाही.

तिसरे घर धायरीला, खोल्या जरा लहान. मालकीणबाई एकट्याच, मुलाकडे नाशिकला जायचे होते, पण सामान आवरायला तीन महिने हवे होते. तिथेही लाखभर जास्त देणारे एक गृहस्थ होते. मात्र त्यांच्या कर्जाचा पत्ता नव्हता आणि ताबा त्यांना लगेच हवा होता. मी बँकेचे पत्र पुढे ठेवले आणि म्हणालो, “तुम्ही सावकाश आवरा.” बाईंनी ते पत्र दोनदा वाचले, आईच्या हातांकडे पाहिले आणि चहा टाकला.

घाई करणाऱ्या बाजारात तयारी म्हणजे सर्वांच्या पुढे धावणे, असे मला आधी वाटत होते. आता वाटते, कुठे थांबायचे हे ज्याने आधी लिहून ठेवले, त्यालाच शांतपणे पुढे पाऊल टाकता येते.

करार नोंदवून झाला आहे. ताबा दिवाळीनंतर. म्हणून याही वर्षी कंदील सुतळीनेच बांधायचा आहे. पण परवा भाजी घेऊन आलेल्या आईच्या पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली एक कागदाची पुडी निघाली. उघडून पाहिली, तर पावशेर खिळे!