बोथट सुरीवरचा भरवसा

घरातली सुरी बोथटच असावी, असं मी आयुष्यातली बरीच वर्षं मनापासून मानलं. हे मत माझ्यावर कुणी लादलेलं नव्हतं. मी ते स्वतः धरलं, जपलं आणि घरातल्या सगळ्यांवर चालवलं. आज ते लिहून काढते आहे, कारण त्याची किंमत मी मोजली नाही. दुसऱ्याच बाईने मोजली.

भीती कुठून आली ते शोधायला गेले की डोंबिवलीचं माहेर आठवतं. चाळीतल्या दोन खोल्या, जमिनीवर विळी आणि तिच्या अवतीभवती आम्ही पोरं. विळी ओलांडायची नाही. काम झालं की आडवी करून भिंतीशी सरकवायची. सुरी हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि समोरच्याने उचलायची, नाहीतर भांडण होतं. आता कळतं की हे सगळे नियम धारेच्या वस्तूशी कसं वागावं याचे होते. धारच ठेवू नका, असं त्यांत कुठेही नव्हतं. मी मात्र त्यातून फक्त भीती उचलली.

लग्नानंतर ठाण्याच्या वागळे इस्टेटजवळ श्रीनगरला आले आणि इस्टेटमधल्याच एका इंजिनीअरिंग कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला लागले. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिचं पहिलं औद्योगिक क्षेत्र इथे उभं राहिलं. इथल्या रस्त्यांना नंबर आहेत. रोड नंबर १६, रोड नंबर २२ असेच पत्ते सांगितले जातात. आता कित्येक प्लॉटवर आयटीच्या काचेच्या इमारती आहेत, पण तेव्हा लेथ आणि ग्राइंडिंगचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. माझ्या खिडकीतून टूल बिट, एंड मिल, रीमर, एमरी व्हील आणि धार लावायचे दगड दिले जायचे. १९४१ साली उरणजवळच्या मोऱ्याला सुरू झालेल्या ग्राइंडवेलची व्हील असायची, मद्रासच्या कार्बोरंडम युनिव्हर्सलचे दगड असायचे. आठ इंच लांब, दोन इंच रुंद, एक इंच जाड, एक बाजू खरखरीत आणि दुसरी बारीक. कोड, भाव, शिल्लक सगळं मला तोंडपाठ होतं. त्या दगडावर नेमकं काय होतं, हे मात्र मी टूलरूममध्ये जाऊन एकदाही पाहिलं नाही.

त्याच खिडकीवर एक नियम मी कडकपणे पाळत होते. बोथट झालेला कटर परत आला की तो वेगळ्या ट्रेमध्ये, पुन्हा धार लावायला. बोथट हत्यार मशीनवर चढवायचं नाही. जॉब खराब होतो, कटर तुटतो, माणसाला लागतं. नव्या पोरांना हे मी स्वतः सांगायचे आणि संध्याकाळी घरी येऊन बरोबर उलटा कायदा चालवायचे. एकाच डोक्यात दोन कायदे होते. एक कारखान्यातल्या हत्यारांसाठी, एक स्वयंपाकघरातल्या बाईच्या हत्यारासाठी. दोन्ही शेजारी शेजारी राहिले आणि मला कधी खटकले नाहीत, याची आज लाज वाटते.

घरात स्वयंपाक सासूबाईंकडे होता. मी दिवसभर कामावर, त्यामुळे चिरणं, निवडणं, सगळं त्यांच्याच हातून व्हायचं. त्यांनी अनेकदा सांगितलं होतं, "अगं, या सुरीला जरा धार लावून आण. तुझ्याकडे कारखान्यात सोय असेल." मी म्हणायचे, "लहान मुलं आहेत घरात, असू दे अशीच." सायकलवर चाक बसवलेला धारवाला आमच्या गल्लीत यायचा, त्यालाही मी वरूनच नको म्हणून सांगायचे. खंडेनवमीला कारखान्यात मशीन धुऊन पुसून, झेंडूचे हार घालून पूजा व्हायची, तशी घरी मी विळी-सुरीला हळदकुंकू वाहायचे. वर्षभर हत्यार मारून ठेवायचं आणि एक दिवस त्याच्यापुढे हात जोडायचे, या पूजेला काय अर्थ होता?

मग एका रविवारी सासूबाई लाल भोपळा चिरत होत्या. साल टणक. सुरी आत शिरेना, म्हणून त्यांनी दोन्ही हातांचा जोर लावला. सुरी सालीवरून निसटली आणि डाव्या हाताच्या अंगठ्याखाली लागली. टाके घालताना डॉक्टर एवढंच म्हणाले की, जखम सरळ नाही, फाटल्यासारखी आहे, भरायला वेळ लागेल. ते वाक्य मी ऐकलं आणि त्यातून काहीच शिकले नाही. उलट घरी येऊन ती सुरी माळ्यावर टाकली आणि त्याहून लहान, त्याहून बोथट सुरी आणली. माझ्या भीतीला तो अपघात पुरावा वाटला. माणूस आपल्या मताला किती घट्ट धरतो, ते मला तेव्हाचं माझं वागणं आठवलं की कळतं.

दुसऱ्या दिवशी टूलरूमचे काका स्लिप घेऊन खिडकीशी आले. मी झालेली गोष्ट सांगितली आणि वर म्हणाले, "नशीब सुरी बोथट होती, म्हणून थोडक्यात निभावलं."

काका स्लिपवर सही करत होते. त्यांनी मान वर केली. "ताई, बोथट होती म्हणून लागली."

एवढंच बोलून ते दगड घेऊन गेले. मला राग आला. स्वयंपाकघरातलं यांना काय कळतं, असं मनात आलं. पण दुपारी एक पोरगा दाते गेलेला एंड मिल घेऊन आला आणि माझ्याच तोंडून सवयीने निघालं, "बोथट झाला होता तर थांबलास का नाहीस? जोर कशाला लावलास?" वाक्य संपायच्या आत मला ते ऐकू आलं. तो पोरगा गेला तरी मी तशीच उभी होते. हाच प्रश्न घरी मला कुणी विचारायला हवा होता. सासूबाईंनी जोर का लावला? कारण मी त्यांच्या हातात जोर लावल्याशिवाय न चालणारी वस्तू दिली होती. धारेची सुरी पदार्थात स्वतः उतरते, हाताने तिला फक्त दिशा द्यायची असते. बोथट सुरीला रेटावं लागतं, आणि रेटलेली सुरी निसटली की मागचा सगळा जोर घेऊन येते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कारखान्यात मी तेच शिकवत होते. मी ते घरापर्यंत आणलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांकडे गेले. त्यांनी किसननगरच्या हार्डवेअरच्या दुकानातून एक साधा दुहेरी दगड स्वतःसाठी घ्यायला सांगितला आणि माळ्यावरची ती जुनी सुरी मागवली. आधी त्यांनी काळ्या मार्करने धारेची कड रंगवली. ओल्या फडक्यावर दगड ठेवला, म्हणजे सरकत नाही. सुरी आडवी धरून मागची बाजू जरा उचलली. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वर. पंधरा ते अठरा अंशांचा कोन होतो. दोन-तीन हात फिरवून मला पातं दाखवलं. शाई कडेच्या वरच्या भागातली गेली होती, टोकाशी तशीच होती. "कोन कमी झाला. दगड धारेपर्यंत पोचलाच नाही." पाठ किंचित उचलली आणि शाई बरोबर कडेवरून गेली.

मग सुरी माझ्या हातात दिली. खाली ठेवली नाही, हातात दिली, मूठ माझ्याकडे करून.

माझे हात थरथरत होते. कोन हलत होता, दगडावर कधी गोड आवाज, कधी करकर. काका म्हणाले, जोर नको, ताल ठेवा. बऱ्याच वेळाने त्यांनी थांबवलं आणि दुसऱ्या बाजूने अंगठा धारेच्या आडवा, बाहेरच्या दिशेने फिरवायला सांगितला. धारेच्या लांबीवरून बोट कधी न्यायचं नाही. नखाला काहीतरी अडलं. "बर आली," ते म्हणाले. पोलाद झिजत झिजत टोकाला इतकं पातळ होतं की उरलेला काठ दुसऱ्या बाजूला वळतो. मुठीपासून टोकापर्यंत सलग बर लागली, म्हणजे दगड धारेला सगळीकडे पोचला. मग बाजू बदलायची. मग बारीक बाजूवर हलक्या हाताने एकदा इकडून, एकदा तिकडून, बर निघून जाईपर्यंत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढायचं.

त्या बरीला नख अडलं तो क्षण मला अजून नीट आठवतो. इतकी वर्षं धार म्हणजे माझ्यासाठी एक धमकी होती, दुरून दिसणारी. बोटाखाली ती एक मोजता येणारी, घडवता येणारी गोष्ट निघाली. चांगल्या धारेचं टोक एखाद्या मायक्रॉनचं असतं, माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. एवढं सूक्ष्म काम साध्या दगडावर, पाण्याने, हाताने होतं आणि त्याचा प्रत्येक टप्पा तपासता येतो. जिला मी घाबरत होते तिची मला ओळखच नव्हती.

दगडांबद्दलही माझं एक अज्ञान होतं. जास्त नंबरचा दगड म्हणजे जास्त चांगला, असं मी स्टोअरच्या हिशेबाने धरून चालले होते. आठ हजार नंबरचा जपानी दगड मागवायची तयारी केली होती. काकांनी विचारलं, "सुरी कुठली?" आपल्या घरातल्या साध्या स्टेनलेस सुऱ्या बऱ्यापैकी मऊ पोलादाच्या असतात. इतक्या बारीक दगडाने आलेली चकाकी त्यांवर टिकत नाही, आणि टोमॅटोच्या सालीवर अति गुळगुळीत धार सरकते. तिथे जरा पकड असलेली धारच बरी. धार तुटली असेल तर दोनशे-चारशे नंबर, रोजच्या बोथटपणाला हजारच्या आसपास, त्यानंतर हवं तर दोन-तीन हजार. नंबरही सगळीकडे सारखा नसतो. जपानी मापाने हजार नंबरचा कण साधारण साडेअकरा मायक्रॉनचा, युरोपीय मापाने हजारचा साडेचार. ज्या आकड्यांवर मी वर्षानुवर्षं नोंदवह्या भरल्या, ते आकडे कुणाच्या मापाचे हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आमच्या दगडातला करडा-काळा कण सिलिकॉन कार्बाइडचा. एडवर्ड अॅचेसन यांनी अमेरिकेत १८९१ साली विजेच्या भट्टीत तो पहिल्यांदा बनवला आणि त्याचं नाव कार्बोरंडम ठेवलं. तो कुरुंदापेक्षाही कठीण, म्हणून पोलाद भराभर कापतो. असा दगड पाण्यावर वापरा किंवा पातळ खनिज तेलावर, पण एक काय ते ठरवा. तेल मुरलेला दगड पुन्हा पाणी घेत नाही. स्वयंपाकाचं तेल तर नकोच, ते चिकट होऊन दगड बुजवतं. मध्ये खळगा पडला की कोन बिघडतो. तेव्हा जाड काचेवर वॉटर पेपर ठेवून दगड घासून सपाट करायचा. विळीचं पातं पाटाला बसवलेलं आणि वळणदार, म्हणून तिथे विळी स्थिर ठेवून छोटा दगडच पात्यावर फिरवायचा. पातळ सुरी कोरड्या चाकावर जोरात धरली तर टोक तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. ती दगडावरच बरी. कात्री आणि मोठ्या विळीसाठी मात्र मी आता धारवाल्याला स्वतः हाक मारते.

माझा हात दगडावर बसल्यावरच ती जुनी सुरी मी घरी नेली. सासूबाईंचा हात तोवर बरा झाला होता. सुरीला धार आहे, जपून, एवढंच मी सांगितलं. त्यांनी कोथिंबिरीची जुडी घेतली. चिरून झाल्यावर पाटावर हिरवा डाग नव्हता, पानं चिरडली नव्हती. मग कांदा, मग कोबी. त्या काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने सुरी धुऊन पुसता पुसता म्हणाल्या, "मला वाटायचं, माझंच मनगट म्हातारं झालं."

मी काय उत्तर देणार? भाजी चिरायला वेळ लागतो, हात दुखतो, पूर्वीसारखं होत नाही, हे सगळं त्या स्वतःच्या वयाच्या खात्यावर लिहीत होत्या. मी ते लिहू देत होते. भोपळ्याची जखम दिसली तरी, तिला टाके पडले. ही दुसरी इजा मला कधी दिसलीच नाही, कारण ती रोज थोडी थोडी होत होती आणि सोसणारी तक्रार करत नव्हती. मुलांच्या काळजीच्या नावाखाली मी एका अनुभवी बाईच्या हातातलं कसब काढून घेतलं होतं. त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती हसून उडवून लावली, पण मला ती मागणं भाग होतं.

माझी भीती संपलेली नाही. घरात लहान मूल आलं की माझा हात आजही आधी सुरीकडे जातो. फरक एवढाच की ती भीती आता योग्य जागी लावते. सुरी चमच्यांच्या खणात टाकत नाही, उंचावर लाकडी घरात ठेवते. मुलाला वय झाल्यावर ती धरायला शिकवली. बोटं आत वळवून भाजी कशी धरायची, सुरी दुसऱ्याला देताना मूठ पुढे कशी करायची, धार कशी तपासायची. दगडावरही त्याला बसवलं, कारण हे काम घरातल्या कुणा एकाचं नाही.

अजूनही ओळखीच्या घरांतून ऐकते, "बोथटच बरी, निदान लागत तरी नाही." मी पूर्वी अगदी याच शब्दांत बोलत असे, म्हणून वाद घालत नाही. एकच विचारते: तुमच्या घरातली ती सुरी रोज कुणाच्या हातात असते, आणि तिला कशी हवी, हे तुम्ही तिला कधी विचारलंत का?